एकट्या गायक-वादकाचा साउंड: मुंबईत पहिली सिस्टीम घेताना

गिटार नाहीतर पेटी घेऊन एकट्यानं कार्यक्रम करायला लागलं की चौथ्या-पाचव्या कार्यक्रमातच साउंडचा प्रश्न उभा राहतो. सार्वजनिक गणपतीत मंडपवाल्याचा साउंड असतो, मोठ्या हॉलचा स्वतःचा असतो. पण डोहाळजेवण, साठीचा कार्यक्रम, वाचनालयाची वरची खोली, गच्चीवरची कोजागिरी, इथं फोनवरच विचारतात, "साउंड तुमचाच ना?" गेली नऊ वर्षं मी मुंबईत गिटारवर भावगीतं आणि माझी स्वतःची गाणी गाते. एवढ्या काळात माझ्या तीन सिस्टीम झाल्या. नवीन मुलं-मुली सल्ला विचारायला येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती वॉटचा घेऊ?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी जागा बघायची, मग तिथवर जायचा रस्ता, मग आपलं वाद्य. वॉटचा आकडा त्यातून आपोआप निघतो.

आधी जागांची यादी

वहीचं एक पान घ्या आणि मागच्या वर्षातले किंवा पुढे करायचे वाटतात असे दहा कार्यक्रम लिहा. प्रत्येकापुढे चार गोष्टी: माणसं किती, जागा बंद की उघडी, शेवटची रांग किती पावलांवर, प्लग कुठे. माझ्या पानावर दहापैकी सात ठिकाणी तीस ते साठ माणसं होती आणि शेवटची खुर्ची माझ्यापासून आठ-दहा मीटरच्या आत होती. दोन गच्च्या होत्या. एकच कार्यक्रम दोनशे माणसांचा, आणि त्याला साउंडवाला होताच. म्हणजे मला सिस्टीम घ्यायची होती ती त्या सात जागांसाठी. बहुतेक जण उलट करतात. वर्षातून एकदा येणारा मोठा कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवून मोठा स्पीकरचा डबा घेतात आणि उरलेले अकरा महिने तो माळ्यावर पडून राहतो. मोठ्या कार्यक्रमाला साउंड भाड्यानं आणावा, त्यात काही कमीपणा नाही.

अंतर का मोजायचं ते सांगते. मोकळ्या जागेत साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर १०० असेल तर दोन मीटरवर ९४, चारवर ८८, आठवर ८२, सोळावर ७६. पहिल्या रांगेला कान झाकावेसे वाटतात आणि मागच्यांना शब्द कळत नाहीत, ते यामुळेच. हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परतत असल्यानं तो इतका पडत नाही, पण फरशी, काचा आणि उघड्या भिंती असतील तर शब्द एकमेकांत मिसळतात. सोसायटीचे हॉल बहुतेक असेच असतात. तिथं मोठ्या आवाजानं काही साधत नाही. स्पीकर लोकांच्या डोक्यांच्या जरा वर आणि लोकांकडे तोंड करून असला, तर कमी आवाजातही गाणं स्वच्छ पोचतं.

मग रस्ता

ही पायरी दुकानात कुणी सांगणार नाही. मुंबईत सिस्टीम आधी जिन्यावर चढते, मग वाजते. गाडी असेल तर हा भाग सोडून द्या. माझ्यासारखं लोकलनं जायचं असेल तर एक करा: घरातल्या पिशवीत आठ किलो गहू-तांदूळ भरा, ती एका खांद्याला, गिटार दुसऱ्या खांद्याला, आणि संध्याकाळी दादरला पश्चिमेच्या फुलबाजाराकडून पूल चढून सेंट्रलच्या फलाटावर उतरून बघा. आठ किलो जमतात. बारा किलोंना पुलाच्या मध्यावर थांबावं लागतं. अठरा किलोचा संच एकट्या माणसानं लोकलनं नेणं हा विचारच सोडा, टॅक्सीचे पैसे दर कार्यक्रमाच्या हिशोबात धरा. यात माइकचा स्टँड, स्पीकरचा स्टँड आणि केबलची पिशवी धरलेली नाही, त्यांचे आणखी पाच-सहा किलो होतात. परतीच्या वेळी रात्री पावणेअकराला हेच सगळं दमलेल्या खांद्यावर असतं, हेही लक्षात ठेवा.

तीन प्रकार

पहिला, एकाच डब्यात सगळं: स्पीकर, अँप्लिफायर (आवाज वाढवणारा भाग), छोटा मिक्सर (माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारा), बहुतेकदा बॅटरीसुद्धा. बोसचा एस-वन प्रो प्लस साडेसहा किलोंच्या आसपास आहे आणि कंपनी बॅटरी ११ तासांपर्यंत चालते म्हणते. जेबीएलचा इऑन वन कॉम्पॅक्ट ८ किलोंचा, त्याची बॅटरी काढून बदलता येते. कंपन्यांचे तास बेताच्या आवाजावर मोजलेले असतात, मोठ्यानं वाजवलं की ते बरेच कमी होतात. माझा कल उघड सांगते: मुंबईत लोकलनं फिरणाऱ्या नवख्यानं याच प्रकारातून सुरुवात करावी.

दुसरा, खांबासारखा उभा: खाली बेसचा डबा, वर छोट्या स्पीकरांची उंच रांग. हा आवाज आडवा दूरवर पसरवतो आणि वर-खाली कमी सांडतो, त्यामुळे छताला आणि जमिनीला आपटून येणारा गोंधळ कमी होतो. जवळच्या टप्प्यात अंतरासोबत आवाजही हळू उतरतो. पहिल्या आणि शेवटच्या रांगेतला फरक इतका कमी होतो की एकदा ऐकल्यावर मोह पडतोच. शिवाय खांब आपल्या जरा मागे ठेवला तर लोक ऐकतात तेच आपल्यालाही ऐकू येतं, आपल्यासाठी वेगळा स्पीकर (मॉनिटर) लागत नाही. अडचण वजनाची. बोसचा एल-वन प्रो-एट सगळा मिळून साडेसतरा किलोंच्या आसपास भरतो आणि त्याला बॅटरी नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि कार्यक्रम मुख्यतः हॉलमध्ये आहेत, त्यांनी जरूर ऐकावा.

तिसरा, अकूस्टिक अँप, म्हणजे साध्या लाकडी गिटारसाठी केलेला स्पीकरसकट अँप्लिफायर. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी, रोलंडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स, असे. गिटारचा लाकडी गोडवा यांत छान येतो आणि माइकसाठी वेगळी जागा असते. क्यूब स्ट्रीट ईएक्स ५० वॉटचा आहे आणि आठ साध्या पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. वीस-पंचवीस माणसांच्या बैठकीला हे अँप फार शोभतात. मात्र ते बहुतेकदा जमिनीवर असतात, आणि समोर खुर्च्यांच्या रांगा असल्या की आवाज पहिल्या रांगेच्या गुडघ्यांत अडकतो.

वॉटचं काय

दुकानात ऐकू येतं, "ताई, हा घ्या, हजार वॉटचा आहे." हा आकडा बहुतेक वेळा क्षणभराच्या उंचीचा असतो, सतत देता येणाऱ्या ताकदीचा नसतो. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, ते कानाला जेमतेम जाणवतात. आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॉट. म्हणून माहितीपत्रकात वॉटच्या जागी 'कमाल आवाज, एक मीटरवर' हा डेसिबलचा आकडा शोधा, आणि तो सततचा की क्षणिक हे विचारा. तिथून वरच्या हिशोबानं शेवटच्या रांगेपर्यंत उतरत या.

तुमचं वाद्य आणि जोडण्या

मोजा: माइक एक, वाद्य एक, तानपुरा किंवा तबल्यासाठी फोन एक. तीन चॅनेल झाले. दोन चॅनेलचा डबा स्वस्त मिळतो आणि पहिल्याच महिन्यात अपुरा पडतो.

गिटारवाल्यांनी आधी पिकअप, म्हणजे तारांचं कंपन उचलून विजेत बदलणारा भाग, समजून घ्यावा. गिटारच्या कडेला बटणं आणि ९ व्होल्टच्या सेलची जागा असेल तर आत प्रीअँप (पिकअपचा बारीक सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) आहे, डब्यावरच्या कुठल्याही वाद्याच्या जॅकला ती नीट चालते. नुसती पिएझोची पट्टी (सेलशिवायचा साधा पिकअप) असेल तर तिला फार उच्च इम्पीडन्सचं (सिग्नलला होणाऱ्या विद्युत विरोधाचं), एक मेगाओम किंवा त्याहून जास्त असं, इनपुट लागतं. नाहीतर आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो आणि बिचाऱ्या स्पीकरला दोष मिळतो. डब्यावर 'हाय झेड' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' असं बटण आहे का बघा. नसेल तर मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) किंवा छोटी प्रीअँप घ्यावी लागेल, तो खर्च आत्ताच धरा.

पेटीवाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. चाळीस माणसांच्या बंद खोलीत पेटीला माइक लागतोच असं नाही. पेटी स्वतःच भरपूर बोलते, फक्त गळा उचलून द्यावा लागतो. आधी तसं करून बघा. लागलाच तर माइक पेटीच्या वरून, वीतभर अंतरावर, भात्यापासून दूर ठेवा, म्हणजे भात्याची हवा आणि पट्ट्यांची खटखट कमी येते. कंडेन्सर माइक (चालायला वीज लागणारा, नाजूक आवाजही टिपणारा) वापरणार असाल तर सिस्टीममध्ये ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, असायलाच हवी. बसून गाणाऱ्यांनी छोटा स्टँड वेगळा घ्यावा. उभा स्टँड वाकवून गादीवर आणला की तो हळूहळू खाली येत राहतो आणि अंतऱ्याला माइक हनुवटीशी पोचलेला असतो.

गाण्याचा माइक डायनॅमिक, म्हणजे बाहेरून वीज न लागणारा, घ्या. शुअरचा एसएम-५८ १९६६पासून जगभरच्या मंचांवर आहे, त्याला कारण आहे: समोरचं ऐकतो, मागचं बरंचसं सोडतो, आणि हातातून पडला तरी चालू राहतो. त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

फोन ब्लूटूथनं जोडता येतो, पण मी वायरनंच जोडते. आणि फोन विमान मोडवर टाकल्याशिवाय पहिला सूर लावत नाही.

शिट्टी

चार वर्षांपूर्वी पार्ल्यातल्या एका गच्चीवर कोजागिरीचा कार्यक्रम होता. साउंड ओळखीतून मागवलेला, दोन मोठे स्पीकर. गच्ची अरुंद, म्हणून ते माझ्या मागे भिंतीला लावले. पहिल्याच गाण्यात मागच्या खुर्चीवरून सेक्रेटरी काका म्हणाले, "अगं, मागं काही ऐकू येत नाही गं." आवाज वाढवला तशी शिट्टी. कमी केला की काकांचा हात वर. तीन गाणी अशीच गेली. दूध गरम करणाऱ्या काकूंनी पातेलं खाली ठेवून दोन्ही कानांवर हात ठेवले, ते चित्र मला अजून दिसतं. त्या रात्री स्पीकरमध्ये काहीच बिघाड नव्हता. माइक आणि स्पीकर एकमेकांसमोर उभे होते, एवढंच.

माइक जे ऐकतो ते स्पीकर मोठं करून बोलतो, ते माइक पुन्हा ऐकतो, आणि हे चक्र सुरू झालं की शिट्टी येते. ती मोडायचे उपाय ज्या क्रमानं करायचे त्याच क्रमानं लिहिते. सगळ्यात आधी तोंड माइकच्या जवळ न्या. दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकला जवळजवळ ६ डेसिबल जास्त मिळतो, तेवढी मास्टरची कळ (सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणारी) खाली आणता येते. आपल्याकडे माइकपासून वीतभर लांब बसून गायची सवय आहे, त्या सवयीनं निम्म्या शिट्ट्या येतात. मग स्पीकर माइकच्या पुढे सरकवा, म्हणजे तो माइकच्या पाठीकडे राहील. कोपरा टाळा, कोपऱ्यात बेस फुगतो. मग माइकच्या चॅनेलवरचा बेस उतरवा, गळ्याला १०० हर्ट्झच्या खालचं फारसं लागत नाही. इतकं करूनही घुमत असेल तर ते बहुधा गिटारचं पोट असतं: स्पीकरच्या आवाजानं तेच थरथरतं आणि पिकअप ते उचलतो. गिटारच्या भोकाला रबरी झाकण मिळतं, ते बसवा, आणि प्रीअँपवर फेजचं बटण (आवाजाची लाट उलटी करणारं) असेल तर दाबून बघा. बऱ्याचदा एवढ्यानं शांत होतं.

खांबाची सिस्टीम मागे ठेवायला चालते असं मी वर म्हटलं, ते खरं आहे, पण तिथंही खांब सरळ पाठीमागे नको. एका बाजूला, दोन-तीन पावलं मागे, आणि माइक ओठांशी.

निवड करताना याचा उपयोग असा: जी सिस्टीम शिट्टी न देता तुम्हाला सगळ्यात जास्त आवाज देते, ती तुमची. कागदावर ती कितीही लहान असो.

दुकानात

धोबीतलावला फुर्टाडोजसारखी वाद्यांची जुनी दुकानं आहेत, ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर साउंडचं सामान रांगेनं मिळतं. कुठेही जा, पण आठवड्यातल्या दिवशी दुपारी जा आणि स्वतःचं वाद्य, स्वतःची केबल, स्वतःचा माइक घेऊन जा. दुकानदार फोनवरून सिनेमाचं गाणं लावून दाखवेल, त्यात सगळे डबे छान वाटतात. नम्रपणे बंद करायला सांगा.

सगळ्या कळा मधोमध ठेवा, रिव्हर्ब (घुमारा) शून्य. आधी नुसतं बोला. श, स, च, छ असलेली ओळ म्हणा: 'स' सुईसारखा टोचतो का? मग ळ आणि ण: ते गुळगुळीत होऊन ल आणि न ऐकू येतात का? मराठी गाण्यात शब्द हरवला तर काय उरलं, म्हणून मी इथं सगळ्यात जास्त वेळ घालवते. मग तुमच्या पट्टीतल्या सगळ्यात खालच्या सुरावर हळू गा, आणि मग तार सप्तकात मोकळा आवाज लावा. वर गेल्यावर आवाज चिरका होत असेल तर आकड्यांकडे बघू नका, पुढच्या डब्याकडे जा. आता सोबत आणलेल्या मैत्रिणीला गायला बसवा आणि तुम्ही दुकानाच्या दारापर्यंत चालत जा, दोन्ही बाजूंना उभं राहून ऐका. शेवटी सगळं बंद करून नुसता आवाज वाढवा: सूं असा आवाज किती येतो? शांत बैठकीत तो दोन गाण्यांच्या मधे ऐकू येतो.

दुरुस्ती मुंबईत होते का आणि बॅटरी सुटी मिळते का, हे बिल करण्याआधी विचारा. जुनी सिस्टीम घेत असाल तर बॅटरी पूर्ण भरून नेहमीच्या आवाजात निदान तासभर वाजवून बघा. जॅक घालून हलवा, कळा फिरवा, खरखर आली तर समुद्राच्या हवेनं आत गंज धरलाय असं समजा. परदेशातून आलेली असेल तर मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा. नुसत्या ११० व्होल्टवर चालणारी सिस्टीम आपल्या प्लगला लावली तर जळेल.

शक्य असेल तर आवडलेलं मॉडेल एक-दोन कार्यक्रमांना भाड्यानं आणून बघा. गणपती ते दिवाळी भाड्याचं सामान मिळणं कठीण असतं, म्हणून जून-जुलैमध्ये.

वीज आणि पाऊस

बॅटरी असली तरी प्लग असेल तिथं प्लग वापरा, बॅटरी राखून ठेवा. जुन्या इमारतींत बऱ्याचदा अर्थिंग नसतं, तेव्हा स्पीकरमधून सतत 'हंऽऽ' येतो. आधी सगळं एकाच बोर्डावरून घ्या, फोनचा चार्जर काढा. तरी राहिला तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण (सिग्नलच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं) दाबा. प्लगची अर्थची पिन मोडून हम घालवायचा उपाय कुणी सुचवला तर अजिबात ऐकू नका. तुमचे ओठ धातूच्या माइकला लागलेले असतात आणि बोटं तारांवर, त्यात जीव जाऊ शकतो.

पावसाळ्यात कव्हर जाड घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. एसी गाडीतून थेट दमट गच्चीवर आणलेला डबा दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवून मग चालू करा.

दहा वाजता

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेत तो वाजवता येत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढेच अपवाद. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात आणखी कमी. गच्ची किंवा आवार असेल तर परवानगी कोण काढणार, हे सुपारी घेतानाच आयोजकांना विचारा आणि पोलीस ठाण्याचा कागद कार्यक्रमाआधी स्वतः बघा. छोटी सिस्टीम घेण्याचं हेही एक कारण आहे: शेजारच्या इमारतीत ज्यांना उद्या सकाळी सहाची लोकल धरायची आहे त्यांच्या खिडकीपर्यंत तुमचा आवाज जायला नको.

कोजागिरीचा चंद्र दहानंतरच डोक्यावर येतो. मी आता तीन गाणी मुद्दाम दहानंतरसाठी ठेवते, एक पट्टी वर, कारण माइकशिवाय वरचा सूर लांब जातो. पावणेदहाला सांगते की आता जवळ या. मास्टर खाली, मग स्विच बंद, मग वायर काढायची, या क्रमानं, म्हणजे स्पीकर धाडकन वाजत नाही. तोवर खुर्च्या सरकलेल्या असतात, सतरंजी पसरलेली असते, आणि दुधाचे पेले हातोहात पुढे येत असतात.